हलणारे चित्र आणि आत्याबाईंचे हात



गेल्या उन्हाळ्यात पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्या ऐंशी पार केलेल्या आत्याबाई जात्यावर बसल्या आणि बाबासाहेबांच्या ओव्या गाऊ लागल्या. माझ्या पुतण्याने लगेच मोबाईल काढला. सहा मिनिटे तो जात्याभोवती फिरत, कधी वाकून, कधी उभ्याने चित्रण करीत होता. जयंतीला वस्तीत पडद्यावर दाखवायचे ठरले. आधी घरी टी.व्ही.वर लावून पाहिले, तर आवाज खणखणीत, पण चित्र खडीच्या रस्त्यावर एस.टी. हादरावी तसे हलणारे. वहिनींना तर गरगरले.

पुन्हा चित्रण करा म्हणाल, तर पावसाळ्यात आत्याबाई ओट्यावरून पडल्या. मांडीचे हाड मोडले. आता त्यांना जात्यापाशी बसवत नाही.

अशा ओव्यांचे मोल काहींनी फार आधी ओळखले. शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या गटाने राधाबाई बोऱ्हाडे व इतर बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. महाराष्ट्रभरातून या गटाने जमविलेल्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत आणि त्यांतल्या काही आज 'पारी'च्या संग्रहात ऐकायला मिळतात. आमच्या आत्याबाईंच्या दारी मात्र कोणी आले नव्हते. जे काही आहे ते या सहा मिनिटांत.

पुतण्याने संगणकावर 'डाव्हिंची रिझॉल्व्ह' उतरवून घेतले. त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते आणि हलते चित्र स्थिर करण्याची सोय तिच्यात आहे. हे काम कसे चालते ते त्याने मला समजावले. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस फोटो. दाराच्या चौकटीचा कोपरा, भिंतीवरची भेग अशा खुणा धरून पुढच्या फोटोत त्या किती सरकल्या हे संगणक मोजतो. त्यावरून आपला हात कसा हलला ते काढतो आणि प्रत्येक फोटो उलट बाजूला ढकलतो. ढकलला की कडेला काळी पट्टी उघडी पडते. ती झाकायला सारे चित्र मोठे करून कडा छाटल्या जातात. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र दहा टक्के मोठे केले, तर त्यातले १७४५ बाय ९८२ एवढेच उरते.

इथेच घोटाळा झाला. पोराने पहिल्यांदा स्थिरता पुरेपूर लावली. चेहरा शांत झाला, पण आत्याबाईंचे हात आणि जात्याचा खुंटा होता चित्राच्या खालच्या कडेला. तो सगळा भाग गेला! शिवाय संगणकाने मधूनच फिरत्या पाळीवरच्या खुणा धरल्या, तेव्हा जाते जागेवर आणि भिंतच झुलू लागली. अंधारात हात हलून जे पुसट झाले होते ते पुसटच राहिले. पुसट फोटो सरकवून स्वच्छ होत नाही.

पोरगा म्हणाला, "काकू, चेहरा तर छान दिसतो. फोनमधलं मूळ काढून टाकू का? जागाच नाही." मी त्याला थांबविले. मूळ फाईल आधी दोन पेन ड्राइव्हवर घेतली. व्हॉट्सॲपवर नुसता व्हिडिओ पाठवला तर तो दाबून लहान होतो, म्हणून पुण्याच्या लेकीला डॉक्युमेंट म्हणून पाठविली.

मग सहा मिनिटांचे तुकडे पाडले. चेहरा मध्यावर आहे तिथे स्थिरता बेताची ठेवली, हात दिसतात तिथे अगदी थोडी. आत्याबाई मूठभर ज्वारी जात्यात टाकतात तो तुकडा मुळीच छाटला नाही. तो हलतो. हलू दे.

जयंतीला तेच दाखविले. आत्याबाई खाटेवरून बघत होत्या. "माझं मनगट किती बारीक झालंय गं," एवढेच म्हणाल्या.

बऱ्याच ओव्या त्यांच्या ओठांवर अजून आहेत. येत्या रविवारी खाटेवर बसवूनच त्या घेणार आहोत. या खेपेस फोन आडवा धरून पिठाच्या डब्यावर टेकवायचा, आणि पोराने त्याला हात लावायचा नाही असे ठरले आहे.