थुंकी निगेटिव्ह आली, मग दम का लागतो?

चंद्रपूर-गडचिरोलीत खोकणाऱ्या माणसाची थुंकी सरकार एकाच कारणासाठी मागते. टीबी आहे का, एवढेच बघायचे असते. टीबी निघाला तर नाव नोंदले जाते, औषध सुरू होते. नाही निघाला तर ‘निगेटिव्ह’ असा शेरा आणि माणूस घरी. त्याचा दम थांबला का? नाही. तो कशाने लागतो हे कुणी तपासले का? तेही नाही. खरे तर त्याच थुंकीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही सापडू शकते. तो प्रश्न विचारला जात नाही, कारण खोकणारा बहुतेक वेळा कंत्राटी कामगार असतो, चुलीपुढची बाई असते किंवा गोंड-माडिया म्हातारा असतो.

दमा आणि सीओपीडी या आजारांत श्वासनलिका आतून सुजते. पण सगळ्यांची सूज एका जातीची नसते. काहींच्या सुजेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात. त्यांना स्टिरॉइडचा पंप चांगला लागू पडतो. काहींत न्यूट्रोफिल पेशी जास्त असतात. धुराने बिघडलेल्या फुप्फुसात हा प्रकार बराच आढळतो. तिथे स्टिरॉइडचा उपयोग कमी, आणि सीओपीडीच्या रुग्णाला न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. न मोजता औषध देणे म्हणजे अंधारात दगड मारणे. इंग्लंडमधील लेस्टर येथे ७४ दमेकऱ्यांवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. थुंकीतील इओसिनोफिल मोजून ज्यांचे औषध ठरवले, त्या गटात वर्षभरात ३५ तीव्र झटके आले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्या गटात १०९.

कुणी म्हणेल, मग रक्ताची सीबीसी करा, त्यातही इओसिनोफिल कळतात. कळतात, पण आपल्या भागात ते आकडे फसवतात. पोटात जंत असले तरी रक्तातील इओसिनोफिल वाढतात. हत्तीरोगाच्या जंतूनेही वाढतात, आणि हे दोन्ही जिल्हे हत्तीरोगाचे जुने पट्टे आहेत. फुंकरीतील नायट्रिक ऑक्साइड मोजणारे यंत्रही आहे, पण बिडी ओढणाऱ्याचा आकडा त्यात कमी दिसतो. तेंदूपानाच्या जिल्ह्यात हे विसरून कसे चालेल? शहरातल्या पेशंटसाठी केलेला तक्ता इथे जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून थुंकी बघणे महत्त्वाचे.

‘गरिबांसाठी एवढे महागडे कशाला?’ हा प्रश्न ठरलेला आहे. यात महागडे काय आहे? खाऱ्या पाण्याची वाफ देऊन थुंकी काढायची, काही तासांच्या आत ती पातळ करून काचेवर घ्यायची, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो, हे खरे. पण चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे हे जमत नसेल तर ते कुणासाठी उभे केले?

पैशाचे उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, कोळसा खाण कामगार कल्याण निधी सुरू झाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर आणि त्यातून कामगाराचे कल्याण, हे त्याचे सूत्र. आज २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे आणि आरोग्य हे त्याच्या अग्रक्रमाचे क्षेत्र आहे. कोळसा चंद्रपूरचा, लोहखनिज सुरजागडचे, मग त्या पैशातून इथल्या माणसाचा श्वास का मोजला जात नाही?

हवा मात्र मोजली गेली. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक पट्टे तपासले, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे होते. हवेचा आकडा फायलीत आहे, फुप्फुसाचा कुठेच नाही. जे मोजले जात नाही ते नाकारणे सोपे असते.

दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे लागेल. सुजेचा आकडा कुठल्या चिमणीने आजार दिला हे सिद्ध करत नाही. नुकसानभरपाईसाठी कामाचा इतिहास, एक्स-रे आणि श्वासाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री लागतेच. सिलिकोसिस हा तर वेगळाच आजार आहे. दुसरे, हाच अहवाल हातात धरून ठेकेदार कामगाराला ‘अनफिट’ ठरवून काढू शकतो. म्हणून अहवालावर पहिला हक्क रुग्णाचा, मालकाचा नाही.

मागणी स्पष्ट आहे. टीबी निगेटिव्ह येऊनही ज्याचा खोकला-दम थांबत नाही, अशा प्रत्येकाची स्पायरोमेट्री व्हावी, आणि गरज असेल त्याची थुंकी पेशींसाठी तपासली जावी. केसपेपरवर गाव, काम, चूल आणि बिडी यांची नोंद असावी. इनहेलर सरकारी दवाखान्यातून मोफत मिळावा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चंद्रपुरात आपल्या माणसांनी माणूस म्हणून जगण्याची दीक्षा घेतली. माणूस म्हणून जगायचे तर आधी धड श्वास घेता आला पाहिजे.

जय भीम!