घोडा वगळून शर्यत

घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांना ४० टक्के वस्तू व सेवा कर लावून सरकारने या खेळाविषयीचे आपले मत एकदाचे आकड्यात मांडले. कॅसिनो, पानमसाला आणि डर्बी आता एकाच पंगतीला. टर्फ क्लबांनी गळा काढला, बुकींनी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या आणि चर्चा नेहमीच्या वळणाने महसुलावर येऊन थांबली. त्याआधी २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी आणि ९१ एकर रेसकोर्ससाठी अशी वाटणी ठरली, तेव्हा या शहरातला प्रत्येक सुजाण नागरिक महिनाभर नगररचनाकार झाला होता. त्याच वर्षी चेन्नईत तमिळनाडू सरकारने भाडेथकबाकीच्या वादातून गिंडी रेसकोर्सच्या १६० एकरांना टाळे ठोकले. बंगळूरुत बुकींच्या करचुकवेगिरीवरून शर्यतींचा परवाना अडकला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. म्हणजे आपल्या सरकारांना रेसकोर्सचा राग येत नाही असे नाही. तो जमिनीवरून येतो, भाड्यावरून येतो, करावरून तर हमखास येतो. पण मैदानात धावणाऱ्या जनावराच्या पायात काय टोचले गेले, ते कोणी टोचले, किती घोडे पाय मोडून मेले आणि शर्यत खरोखर जिंकण्यासाठीच पळवली गेली का, या प्रश्नांवरून कोणत्याही सरकारने कधी टाळे ठोकून दाखवल्याचे स्मरत नाही.

याचे कारण आपल्या व्यवस्थेच्या मुळातच आहे. महाराष्ट्रात शर्यतींचा परवाना अजूनही १९१२ सालच्या मुंबई रेसकोर्स परवाना कायद्याने दिला जातो. पैजा कुठे लावायच्या, कोणी घ्यायच्या, परवान्याशिवाय शर्यत भरवली तर काय शिक्षा, एवढीच त्या कायद्याची चिंता. गोऱ्या साहेबाला जुगार कुंपणाच्या आत हवा होता, तो त्याने आत ठेवला. कुंपणाच्या आत पुढे जे काही होते, ते क्लबने पाहावे. मग क्लब काय काय पाहतो? शर्यती तोच भरवतो. टोटचा, म्हणजे मैदानावरच्या अधिकृत पैजांचा, गल्ला त्याचाच आणि त्यातले कमिशनही त्याचेच. ट्रेनर आणि जॉकी यांना परवाने तोच देतो. शर्यतीनंतर लघवी-रक्ताचे नमुने तोच घेतो, चौकशी त्याचेच स्टीवर्ड करतात, शिक्षा तेच सुनावतात आणि त्या शिक्षेवरचे अपीलही क्लबच्याच आवारात चालते. त्या क्लबची समिती सभासद निवडतात आणि सभासदांत घोड्यांचे मालक असतात. यात कोणी लबाडी करतोच असे म्हणण्याची गरजही नाही. एखाद्या साखर कारखान्याने ऊस स्वतः घ्यावा, वजनकाटा स्वतःच तपासावा आणि काट्याबद्दलची तक्रारही स्वतःच निकाली काढावी, ही व्यवस्था शेतकरी एक गळीत हंगामही सहन करणार नाही. रेसकोर्सवर ती शंभराहून अधिक वर्षे परंपरा म्हणून मिरवली जाते.

या विषयात एक गल्लत नेहमी केली जाते आणि ती सोयीची आहे. शर्यतीची सचोटी हा पैज लावणाऱ्या पंटरच्या पैशाचा प्रश्न, घोड्याची सुरक्षितता हा प्राणिमित्रांचा प्रश्न, आणि दोन्ही टेबले वेगळी, अशी ही वाटणी. प्रत्यक्षात प्रश्न एकच आहे. साडेचारशे-पाचशे किलोंचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो तेव्हा प्रत्येक झेपेत काही क्षण सारा भार एकेका पायावर येतो. पायाच्या नळीच्या हाडाला किंवा सांध्याला होणारी जीवघेणी मोड बहुतेक वेळा आकाशातून पडत नाही. आधीच्या सरावाने आणि शर्यतींनी हाडात बारीक चिरा पडलेल्या असतात, त्या दुखत असतात आणि घोडा किंचित लंगडत असतो. तो लंगडला तर पशुवैद्य त्याला थांबवील. सांध्यात स्टेरॉइड टोचले किंवा बधिर करणारे औषध दिले तर तो लंगडत नाही, शर्यतीला उतरतो, कदाचित जिंकतोही. पंटरला फसवणारी सुई आणि हाड मोडणारी सुई अशी एकच असते. २०१७ मध्ये बंगळूरुत क्वीन लतिफा या घोडीच्या नमुन्यात प्रोकेन सापडले होते. प्रोकेन हे बधिरीकरणाचे औषध, पेनिसिलिनच्या काही इंजेक्शनांतही ते असते, म्हणून ते शरीरात कसे आले हा वाद होऊ शकतो. पण तो वाद क्लबच्या चार भिंतींत मावेना, तेव्हा प्रकरण पोलिस तपासापर्यंत गेले. घोड्याच्या लघवीतला एक रेणू शोधायला फौजदार लागावा, यातच नियामकाच्या जागी काय आहे ते दिसते. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच बंगळूरुत ऐन शर्यतीत घोडे कोसळले, जॉकी खाली आले आणि भडकलेल्या प्रेक्षकांनी मोडतोड केली. त्या बातम्यांत काचा किती फुटल्या हे ठळकपणे आले. धावपट्टीची तपासणी कोण करतो, त्याच्या नोंदी कुठे असतात आणि त्या क्लबबाहेरच्या कोणी पाहिल्या का, हे नंतर कोणी विचारले नाही.

अमेरिकेत हीच रड होती, उलट अधिक वाईट. प्रत्येक राज्याचा शर्यत आयोग वेगळा, औषधांचे नियम वेगळे, शिक्षा वेगळ्या. एका राज्यात नको झालेला ट्रेनर दुसऱ्या राज्यात तबेला मांडून मोकळा. डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एकाच हंगामात कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता मैदानावर ३० घोडे मेले आणि शर्यतीचे नाव न काढणारी माणसेही विचारू लागली की हे चालले आहे काय. मार्च २०२० मध्ये जेसन सर्व्हिस आणि होर्हे नवारो या नामवंत ट्रेनरांसह दोन डझनांहून अधिक लोकांवर घोड्यांना उत्तेजके दिल्याचे आरोप ठेवले गेले. नवारोला पाच वर्षांची आणि सर्व्हिसला चार वर्षांची कैद झाली. सर्व्हिसच्या तबेल्यातल्या मॅक्सिमम सिक्युरिटी या घोड्याने आरोप ठेवले जाण्याच्या जेमतेम दहा दिवस आधी सौदी कपची शर्यत मारली होती. या टोळीला पकडले ते एफबीआयने, दूरध्वनी ऐकून. इतकी वर्षे नमुने गोळा करणारे आयोग कोरडेच राहिले होते. त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसने घोडेशर्यतींच्या सचोटी व सुरक्षिततेचा कायदा केला. जुलै २०२२ पासून धावपट्ट्यांचे आणि मे २०२३ पासून औषधांचे नियम देशभर एका प्राधिकरणाकडे आले. त्याच्या नऊ जणांच्या मंडळात पाच जण या धंद्याबाहेरचे असावे लागतात आणि त्याचे नियम केंद्रीय व्यापार आयोगाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाहीत. शर्यतीआधी १४ दिवस सांध्यात सुई टोचायला बंदी आली. प्रत्येक घोड्याच्या उपचारांची नोंद सक्तीची झाली. परिणाम? २००९ मध्ये अमेरिकेत दर हजार धावांमागे दोन घोडे मरत. २०२४ मध्ये प्राधिकरणाच्या छत्राखालच्या मैदानांवर हा दर ०.९० वर आला, तर त्याला न जुमानणाऱ्या मैदानांवर तो १.७६ होता. त्या कायद्याच्या घटनात्मकतेवर तिथे अजून न्यायालयीन लढाया चालू आहेत आणि फीवरूनही कुरबुरी आहेत, त्या चालू द्या. एकाच देशात, एकाच जातीच्या घोड्यांत हा जवळपास दुपटीचा फरक आहे. मैदानांत आणखीही फरक असतील, पण नियमनाचे मोल शून्य आहे असे म्हणणाऱ्याने तो आकडा आधी खोडून दाखवावा.

आपल्याकडे असा आकडा खोडायलाही नाही. मुंबई-पुणे, कोलकाता, बंगळूरु, म्हैसूर, हैदराबाद, दिल्ली, या सगळ्यांचा मिळून दर हजार धावांमागे मृत्यूचा दर अमुक, असे दरसाल जाहीर करणारी यंत्रणा नाही. जन्माच्या नोंदी मात्र चोख. पुण्यातले स्टडबुक प्रत्येक थरोब्रेड शिंगराची वंशावळ पिढ्यानपिढ्या सांगेल, कारण वंशावळीला बाजारात भाव असतो. मरणाला भाव नाही, म्हणून त्याची वही नाही. पहाटेच्या सरावात पाय मोडलेला घोडा तर शर्यतीच्या निकालपत्रातही येत नाही. त्याच्या पाठीवरून फेकला गेलेला वर्क रायडर आणि रात्री त्याच तबेल्याशी झोपणारा मोतद्दार यांचे काय होते, हा आणखी खालच्या पायरीवरचा विषय.

क्लबांचे उत्तर पाठ आहे. आमच्याकडे तज्ज्ञ आहेत, कॅमेरे आहेत, नमुने राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातात, एका क्लबने बाद केलेला माणूस सगळीकडे बाद होतो. सरकारी बाबू आला तर घोडा कुठला आणि खेचर कुठले हे तरी त्याला कळेल का? बाबूबद्दलची भीती रास्त आहे. पशुसंवर्धन खात्याचा एखादा निरीक्षक महालक्ष्मीवर पाकीट घेऊन फिरू लागला तर आजच्यापेक्षा वाईट होईल. पण बाबू आणि क्लब या दोहोंच्या मध्ये काहीच नसते हा समज आळशी आहे. ज्या इंग्लिश जॉकी क्लबच्या नियमांवर आपल्या टर्फ क्लबांनी आपले नियम बेतले, त्या क्लबनेच २००६ मध्ये नियमनाचा अधिकार सोडला आणि पुढच्या वर्षापासून तिथे स्वतंत्र ब्रिटिश प्राधिकरण आले. साहेबाची टोपी, साहेबाचे पॅडॉक, साहेबाचा ड्रेस कोड, सगळे जपायचे आणि साहेबाने केलेली सुधारणा तेवढी वगळायची, ही निवड बोलकी आहे. हाँगकाँगचा दाखला दिला जाईल, तिथे क्लबच शर्यत भरवतो आणि नियमही चालवतो. जरूर द्यावा. पण त्या क्लबने प्रत्येक घोड्याचा वैद्यकीय इतिहास संकेतस्थळावर उघडा ठेवला आहे. आपल्या क्लबांनी उद्या सकाळी तेवढे करावे, या अग्रलेखातला निम्मा त्रागा आम्ही मागे घेऊ.

करावरची क्लबांची तक्रार मात्र खरी आहे. पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के लावले की माणूस टोटच्या खिडकीवर जाणार नाही, तो फोन काढून बिनपावतीच्या बुकीकडे जाईल. त्या बाजाराची नोंद नसते. अमुक शर्यतीत फेव्हरिट घोड्याविरुद्ध एकाएकी पैसा कुठून आला हे कळायलाही आधी तो पैसा दिसावा लागतो. खेचून धरलेला घोडा ओळखण्याचे पहिले साधनच सरकारने कराच्या लोभापायी बोथट केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोडेशर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, तो घोड्याचे रक्त, तयारी आणि जॉकीचे कसब यांचा अंदाज अभ्यासाने बांधता येतो म्हणून. आज क्लब त्या निकालाची ढाल करतात आणि सरकार पुन्हा या खेळाला कॅसिनोत बसवते. कौशल्याचा खेळ म्हणवून घ्यायचे तर घोड्याच्या पायातले औषध अभ्यासकापासून लपून राहता कामा नये. आणि जुगार म्हणून कर लावायचा तर जुगाराच्या अड्ड्यावर निदान फासे तरी तपासले जातात. सरकारने दोन्हीतले काही केले नाही, फक्त पावती फाडली.

याच महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतीचे काय झाले ते आठवावे. गावच्या जत्रेत बैल पळवायचे तर २०१७ च्या दुरुस्तीनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते, आणि बैलाला वेदना झाल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उचलून धरला आणि चांगलेच झाले. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या तर २०१५ मध्ये उच्च न्यायालयानेच बेकायदा ठरवल्या होत्या. जुन्नर-खेडच्या शेतकऱ्याने आपल्या खिल्लारासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात उभे राहायचे, व्हिक्टोरियावाल्याने पोटावर पाय घ्यायचा आणि कोट-टोपी घालून डर्बीला जाणाऱ्यांनी मात्र आपापसात ठरवायचे, याला कायद्यापुढची समानता कोणत्या कोशात म्हणतात? बैलाच्या शेपटीला हात लावला तर गुन्हा नोंदवणारे राज्य थरोब्रेडच्या सांध्यातल्या सुईकडे पाहत नाही, कारण तिथे तबेला नव्हे, पाहुण्यांची यादी असते.

देशभराचे प्राधिकरण संसदेने करायचे म्हटले तर दहा वर्षे जातील आणि क्लब ती आनंदाने जाऊ देतील. महाराष्ट्राला थांबण्याची गरज नाही. परवाना राज्य देते आणि जमिनीचा करारही राज्याच्या हातात आहे. दोन्हींत अटी घालता येतात. शर्यतीत आणि सरावात मेलेल्या प्रत्येक घोड्याचे नाव, कारण आणि शवविच्छेदन महिन्याभरात जाहीर व्हावे. घोड्याला शर्यतीतून बाहेर काढण्याचा अंतिम अधिकार असलेला पशुवैद्य क्लबच्या पगारावर नसावा. नमुन्याचा दुसरा भाग क्लबच्या कपाटात न राहता बाहेर सीलबंद राहावा. घोड्यांचा मालक असलेल्या कोणालाही शिस्तीच्या चौकशीत बसता येऊ नये. आणि या ४० टक्क्यांतला राज्याचा एक छोटा हिस्सा याच कामासाठी बाजूला काढावा, म्हणजे खर्चाचे रडगाणेही संपेल. यातली एकही अट शर्यत बंद पाडत नाही, एकाही पंटरचा आनंद हिरावून घेत नाही. महालक्ष्मीवर शर्यती भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबला यातली कोणती अट जाचक वाटते, ते त्याने मुंबईचा हंगाम सुरू होण्याआधी नाव घेऊन सांगावे.