जहाजावरून कपिलधारला

फॉलमथ हे जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरचं छोटं बंदर. १७६९ साली वसलेलं आणि साखरेच्या पैशावर गबर झालेलं. १७९९ मध्ये, न्यूयॉर्कच्याही आधी, इथे नळाचं पाणी आलं, असं तिथले गाइड छाती फुगवून सांगतात. क्रूझची अजस्र जहाजं लागावीत म्हणून २०११ मध्ये तिथे नवा धक्का सुरू झाला. माझ्या भाच्याला यातलं काहीएक आठवत नव्हतं. त्याला आठवत होते फक्त साडेचार. साडेचारला सगळ्यांनी जहाजावर परत. जहाज कुणासाठी थांबत नाही.

ह्यूस्टनला राहणारी माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि दोन मुलं मार्चच्या सुट्टीत गॅल्व्हेस्टन बंदरातून कॅरिबियनच्या क्रूझवर गेली होती. तीच चौघं जुलैअखेर बीडला आली आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी आम्ही सगळे कपिलधारला निघालो. त्यामुळे पुढची तुलना मी ओढूनताणून केलेली नाही. बीड सोडल्यापासून ती गाडीच्या मागच्या सीटवर चालूच होती.

‘मावशी, तिथे किती वाजेपर्यंत परत यायचं?’ भाच्याचा पहिला प्रश्न. म्हटलं, ‘पोट भरेपर्यंत.’ त्याला ते पटलं नाही. उशीर करणाऱ्यांना क्रूझवर ‘पिअर रनर’ म्हणतात म्हणे. हातात पिशव्या घेऊन धक्क्यावरून जिवाच्या आकांताने धावणारे लोक, आणि वर डेकवर उभं राहून टाळ्या वाजवणारे बाकीचे. जहाज चुकलं तर स्वतःच्या खर्चाने पुढचं बंदर गाठायचं. आपल्याकडे एसटीमागे धावणाऱ्याला कंडक्टर निदान बेल मारून थांबवतो, दोन शिव्या घालतो आणि आत घेतो.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंब्याजवळून कपिलधारचा फाटा आहे. शहरापासून वीसेक किलोमीटर, फार नाही. बालाघाटचे डोंगर एरवी करपलेले असतात. उन्हाळ्यात पाहुणे आले तर काय दाखवावं, हा बीडकरांचा कायमचा पेच. पण चार पाऊस बरे झाले की याच डोंगरांवर विश्वास बसणार नाही असं हिरवं चढतं आणि कपिलधारच्या कड्यावरून पाणी कोसळू लागतं. कपिल मुनींनी इथे तप केलं, म्हणून नाव कपिलधार. पण माणसं येतात ती मन्मथस्वामींसाठी. सोळाव्या शतकातले हे वीरशैव संत. त्यांचा ‘परमरहस्य’ हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ मराठवाड्यातल्या लिंगायत घरांत आजही पारायणाला बसतो. त्यांची संजीवन समाधी इथे आहे. कार्तिक पौर्णिमेला लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कर्नाटक-तेलंगणातूनही दिंड्या येतात, तेव्हा या दरीत मुंगीला शिरायला जागा नसते.

श्रावणी सोमवारची गर्दी त्या मानाने घरगुती. दर्शनाची रांग सरकत होती. पुढच्या आजोबांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. ओळख ना पाळख, तरी आमच्याकडे वळून ‘शरणार्थ’ म्हणाले. भाचीनेही हात जोडले. मग माझ्या कानात, ‘हे आपले कोण?’ कुणी नाहीत, म्हटलं.

दर्शन झाल्यावर मुलं सरळ धबधब्याकडे पळाली आणि इथे जमैकाने आपल्यावर मात केली, हे कबूल करायला हवं. ओचो रिओसजवळ डन्स रिव्हर नावाचा धबधबा आहे. सुमारे १८० मीटर लांबीचा, चुनखडीच्या पायऱ्यापायऱ्यांवरून उतरत थेट समुद्राला मिळणारा. फॉलमथच्या धक्क्यावरून बसने तासाभराहून जास्त लागतो. तिथे तिकीट काढायचं, रबरी बूट घालायचे आणि अनोळखी माणसांचे हात धरून साखळी करत पाण्यातून वर चढायचं. पुढे गाइड, मागे गाइड. कुठला दगड सरकतो, कुठला खोल आहे, हे त्यांना तोंडपाठ. भाचा शेवाळलेल्या दगडाशी थबकला आणि त्याने सहज विचारलं, ‘गाइड कुठे आहे?’ काय सांगणार? आपल्याकडच्या बहुतेक धबधब्यांवर गाइड म्हणजे ‘ओ, तिकडं जाऊ नका’ असं लांबून ओरडणारं कुणीतरी. बायकांना ओले कपडे बदलायला आडोसा नाही. पाण्याच्या कडेला चिप्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या. भाचीने चार उचलली, पण टाकायची कुठे, म्हणून हातात घेऊनच फिरली. देवाच्या दारी स्वच्छतेचं तिकीट लावा असं मी म्हणणार नाही, पण गावातल्या पोहणाऱ्या पोरांना शिकवून पावसाळ्यापुरतं रोजावर उभं करायला पैसा फारसा लागत नाही, मन लागतं.

आता संध्याकाळची गोष्ट. क्रूझवर रोजच्या संध्याकाळी काहीतरी थीम असते. एका रात्री सगळ्यांनी पांढरे कपडे, एका रात्री सूट-बूट आणि एका रात्री चक्क समुद्री चाच्यांचा वेश. भाच्याचे डोळ्यावर काळी पट्टी, हातात प्लास्टिकची तलवार असे फोटो बहिणीने गाडीतच दाखवले होते. मला आठवला हेन्री मॉर्गन. स्पॅनिश गावं लुटून गबर झालेला हा इसम पुढे इंग्लंडच्या राजाने ‘सर’ केला आणि त्याच जमैकाचा नायब गव्हर्नर म्हणून पाठवला. लुटारूंचा अड्डा असलेलं तिथलं पोर्ट रॉयल ७ जून १६९२ च्या भूकंपात समुद्रात खचलं. इकडे आपल्या किनाऱ्याची रीतसर राखण करणारे, दस्तक मागणारे कान्होजी आंग्रे मात्र इंग्रजांच्या कागदोपत्री चाचे. भाच्याला हे सांगितल्यावर तो खूश झाला. पुढच्या वेळी कान्होजीचा वेश करणार म्हणाला. करो बापडा.

क्रूझवर बहिणीच्या कुटुंबाची खोली आवरणारा तरुण मडगावकडचा होता. टॉवेलची हत्ती-माकडं करून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या तोंडचं मराठी ऐकून तो कोकणीत बोलायला लागला. नऊ महिन्यांचा करार, घरी लहान मुलगी. गोव्यात अशा दर्यावर्दींना तारवोटी म्हणतात आणि कित्येक गावांची घरं त्यांच्या पगारावर उभी आहेत. थीमच्या रात्री डेकवर नाचगाणं रंगलं की हे लोक खालच्या मजल्यावर दुसऱ्या दिवशीच्या चादरी मोजत असतात.

कपिलधारला त्या दिवशी एका कुटुंबाचं अन्नदान होतं. भात, वरण, वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर. पंगतीत माझ्या शेजारी चाळिशीची एक बाई बसली होती, केज तालुक्यातली. हाताचे तळवे असे घट्ट झालेले की पत्रावळीवरची गरम खीर ती फुंकर न घालता बोटांनी उचलत होती. मी विचारलं, कार्तिकीला येता की नाही?

‘कार्तिकीला आमी कुठं असतोत बाई, फडात असतोत. म्हनून सरावनातच दर्शन उरकून घ्यायचं.’

बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मुकादमाच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, मग ती फिटेपर्यंत उसाचा फड. पाडव्याच्या आसपास परत. कार्तिक पौर्णिमा येते दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, म्हणजे गावं रिकामी झाल्यावर. जत्रा भरते तेव्हा या माणसांच्या झोपड्या कारखान्याच्या आवारात पडलेल्या असतात.

ही उचल ऐकून माझी बहीण एकदम म्हणाली, हे तर जमैकातही ऐकलं. धक्क्याबाहेर एका टपरीवर त्यांनी करी गोट आणि रोटी खाल्ली होती. रोटी इथे कशी, असं विचारल्यावर टपरीवालीने सांगितलं, माझ्या पणजीची आई कलकत्त्याहून आली. जमैकातली गुलामगिरी १८३८ मध्ये पुरती संपली आणि ऊसमळ्यांना हात कमी पडू लागले. मग १८४५ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले गेले. पहिलं जहाज ‘मेडस्टोन’, १० मे १८४५ रोजी ओल्ड हार्बर बेला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार माणसं गेली, बहुतेक पूर्वांचल-बिहारची. कागदावर अंगठा, काही वर्षांचं काम आणि ऊस. कित्येकजण परतलेच नाहीत. भाच्याला आठवलेले साडेचार त्यांच्या वेळी कुणी सांगितले नसावेत.

भाची इतका वेळ गप्प होती. ती त्या बाईच्या पत्रावळीकडे बघून म्हणाली, ‘त्यांना अजून खीर हवी असेल.’ उठली, वाढणाऱ्या मुलाकडून बादली घेतली आणि पूर्ण पंगतीला वाढून आली. कुणी तिला विचारलं नाही, तू कोण, कुठली. फक्त एका आजीने ‘बारीक धार सोड गं, सांडायलीस’ एवढं सुनावलं. क्रूझवर आठवडाभर तिला कुणी सुनावलं नव्हतं, असं तिची आई म्हणाली.

संध्याकाळी आम्ही शिवपाठाला थांबलो. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, भस्म. भाचा म्हणालाच, ‘व्हाइट नाइट.’ टाळ-मृदंगाचा ठेका त्याला पाच मिनिटांत सापडला. शब्द सापडले नाहीत, पण ‘मन्मथ माउली’चा गजर झाला की हात वर. एक पेटीवाले काका मात्र सूर सोडून भलतीकडेच चालले होते. क्रूझवरच्या वाद्यवृंदात ते टिकले नसते.

आता जायचं तर कसं, एवढं सांगते. कार्तिकीची जत्रा पाहायची असेल तर मुक्कामाची सोय आधी करा. मुलंबाळं घेऊन धबधबा पाहायचा असेल तर श्रावणातला सोमवार टाळून मधला वार गाठा. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला असेल तर पाण्याखाली मुळीच उभे राहू नका, लोंढा सांगून येत नाही. बदलायला कपडे, पकड असलेल्या चपला आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी घरूनच न्या. आणि अन्नदान असेल तर जेवून लगेच गाडीकडे पळू नका, पुढच्या पंगतीला वाढायला थांबा. तिथे माणसं नेहमी कमी पडतात.