परतीची हवा

अमेरिकेत मुलाने नवे घर घेतले की वडीलधारी मंडळी प्रथम देवघराची जागा विचारतात. त्यांनी आणखी एक विचारावे. तेथील घरांत यंत्र खोल्यांना हवा पुरवते आणि परत ओढते. जमेइतकेच नावेही जुळावे लागते. ही परतवाहिनी पुष्कळदा तुळयांमधील पोकळीवर पत्रा ठोकूनच केलेली असते. फट राहिल्यास पोटमाळ्यावरील धूळ, प्रसंगी गॅरेजमधील मोटारीचा धूरही घरात येतो. सांध्यांवर कापडी चिकटपट्टी नव्हे, मॅस्टिकचा लेप हवा. यंत्र चालू ठेवून शयनगृहाचे दार लावावे. दाराखालून हवा जोराने बाहेर पडत असेल तर परतीची वाट अपुरी आहे. सांधे मात्र भिंतींवर जिप्समचे तक्ते चढण्यापूर्वीच पाहावेत. नंतर ते दिसत नाहीत.