रकाना भरायची घाई
बारावी झालेली एक मुलगी प्रवेश अर्जातल्या ‘लिंग’ या रकान्यापाशी अडते. पेनाचं टोक ‘स्त्री’वर टेकतं, पुन्हा उचललं जातं. ‘पुरुष’ही तिचं नाही, आणि ‘तृतीयपंथी’ म्हणावं तर तेवढी खात्री नाही. मागची रांग चुळबुळ करू लागते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची, असं सांगितलं. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने मात्र त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची वाट दाखवली. ज्याला शिष्यवृत्ती, वसतिगृह, रेशनकार्ड हवं, त्याला कागदावर ओळख लागतेच. ती मिळवायला तृतीयपंथी समाज वर्षानुवर्षं झगडला आहे. ‘लेबलं हवीत कशाला’ असं त्यांना ऐकवणं मला उद्धटपणाचं वाटतं. पण जिचं अजून ठरलेलंच नाही, तिच्यामागे आई, डॉक्टर, मैत्रिणी (पाठिंबा देणाऱ्यासुद्धा) ‘मग तू नक्की कोण?’ असा धोशा का लावतात? ती केस कापून बघेल, वेगळं नाव लावून बघेल, कदाचित वर्षभराने जुन्याच नावावर येईल. तोवर घरच्यांनी ती सांगेल त्या नावाने तिला जेवायला हाक मारावी.