लाल डोळा आणि फ्रिजमधली बाटली

पावसाळ्याचे दिवस. सात वर्षांचा मुलगा डोळा चोळतच शाळेतून घरी येतो. आई पाहते तो डोळा लालभडक. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई सांगतात, "अगं, गेल्या वर्षी ह्याच्या बाबांना डॉक्टरांनी दिलेली बाटली आहे ना फ्रिजमध्ये? त्यातलेच दोन थेंब घाल. उगाच दवाखान्यात खेटे कशाला?" सुनेलाही ते पटते. दुसऱ्या दिवशी लाली उतरलेली दिसते आणि सगळे निश्चिंत होतात.

असे प्रसंग घरोघरी घडतात. पण डोळ्याची लाली हा स्वतः आजार नव्हे, ते आजाराचे लक्षण आहे. साधी साथ, अॅलर्जी, बुबुळावरची जखम, काचबिंदूचा झटका अशा अनेक कारणांनी डोळा लाल होतो आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. म्हणून थेंब घालण्याआधी डोळा नीट पाहावा आणि चार प्रश्न विचारावेत. दुखते का? खाज येते का? चिपडे येतात का? आणि सर्वांत महत्त्वाचे, नेहमीसारखे दिसते का?

डोळे येणे

डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपणे, पाणी येणे, सकाळी पापण्या चिकटणे ही डोळे आल्याची लक्षणे. सुरुवात बहुधा एका डोळ्यात होते आणि एक-दोन दिवसांत दुसराही लाल होतो. जुलै 2023 मध्ये पुण्याजवळच्या आळंदीत आणि पाठोपाठ देशाच्या अनेक भागांत अशीच साथ पसरली होती.

ही साथ बहुतेक वेळा विषाणूंमुळे येते. विषाणूंवर अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग होत नाही. एक-दोन आठवड्यांत डोळे आपोआप बरे होतात. तोवर स्वच्छ थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडे पुसावेत. दोन्ही डोळ्यांना वेगळा कापूस वापरावा. चिपडे घट्ट, पिवळे आणि सारखे येत असतील तर संसर्ग जिवाणूंचा असू शकतो. अशा वेळी डॉक्टर अँटिबायोटिक थेंब देतात.

डोळे आलेल्या माणसाकडे नुसते पाहिल्याने डोळे येत नाहीत. साथ पसरते ती हात, टॉवेल, रुमाल आणि उशीच्या अभ्र्यातून. म्हणून काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी झाला, तरी साथ अडत नाही. साबणाने हात धुणे आणि प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवणे हाच खरा उपाय. डोळ्यांतून पाणी आणि चिपडे येत असेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये.

खाज सुटली की अॅलर्जी

दोन्ही डोळ्यांना सतत खाज सुटत असेल, मूल ते चोळत राहत असेल, तर ती बहुधा अॅलर्जी असते. धूळ, परागकण, उन्हाळ्यातली कोरडी हवा अशा कारणांनी ती दरवर्षी उद्भवते. मुलग्यांमध्ये तिचे प्रमाण अधिक आढळते. डोळे फार चोळल्याने बुबुळाचा आकार बिघडू शकतो, म्हणून चोळणे थांबवणे फार महत्त्वाचे. थंड पाण्याच्या घड्यांनी आराम पडतो.

फ्रिजमधल्या त्या बाटलीचा खरा धोका इथे आहे. अनेक थेंबांमध्ये स्टेरॉइड असते. ते घातले की खाज आणि लाली पाहता पाहता नाहीशी होते. मग दर वेळी दुकानातून तीच बाटली परस्पर आणली जाते. परंतु असे थेंब महिनोन्‌महिने घातल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. वरवर डोळा स्वच्छ दिसत असताना आतली नस सुकत जाते आणि ती गेलेली नजर परत येत नाही. बुबुळाला जखम किंवा बुरशीचा संसर्ग असेल, तर हेच औषध आगीत तेल ओतते. शेतात पिकाचे पाते किंवा काडी लागून डोळा लाल झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही थेंब घालू नये.

रांजणवाडी

पापणीच्या कडेला येणारी लाल, दुखरी पुळी म्हणजे रांजणवाडी. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटे शेक दिला की ती बहुधा आठवडाभरात जाते. ती फोडू नये. वरचेवर होत असेल तर चष्म्याचा नंबर आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी.

मूल तक्रार करत नाही

लहान मुलाला अंधुक दिसत असले तरी ते सांगत नाही, कारण स्पष्ट दिसणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते. टी.व्ही.जवळ जाऊन बसणे, वही नाकाला लावणे, डोळे बारीक करून पाहणे, मान तिरकी ठेवणे, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे या खुणा पालकांनीच ओळखायच्या असतात.

एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. चांगला डोळा दिवसातून काही तास पट्टीने झाकून दुसऱ्याला कामाला लावणे, हा त्यावरचा मुख्य उपचार. तो सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर उत्तम गुण येतो; पुढे यश कमी होत जाते. "तिरळेपणा भाग्याचा असतो", "मोठेपणी आपोआप जाईल" असे म्हणत कित्येक घरांत ही मोलाची वर्षे निघून जातात. बाळ चार महिन्यांचे झाल्यावरही डोळा तिरळा दिसत असेल, तर ते दाखवलेच पाहिजे. शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे डोळे एकदा तपासून घ्यावेत. दररोज सुमारे दोन तास मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टीचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते, हेही लक्षात ठेवावे.

34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर 30 दिवसांच्या आत तपासून घेणे अत्यावश्यक आहे. कोणत्याही बाळाच्या बाहुलीत, विशेषतः फ्लॅशने काढलेल्या फोटोत, पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. तो मोतीबिंदू असू शकतो किंवा डोळ्यातला कर्करोगही. आणि बाळाच्या डोळ्यात काजळ, मध, अंगावरचे दूध यांपैकी काहीही घालू नये.

चाळिशी आणि त्यानंतर

चाळिशीच्या सुमारास सुईत दोरा ओवता येईनासा होतो. हा आजार नव्हे, वय आहे. परंतु चष्मा दुकानातून आयता न घेता डोळे तपासूनच घ्यावा, म्हणजे डोळ्यातला दाब आणि नसही पाहिली जाते. काचबिंदू बहुधा न दुखता, कडेची नजर आधी खात येतो. समजेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असते. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला तो असेल, तर तपासणी नियमित हवी. मधुमेह्यांनी दिसण्याची तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा.

मोतीबिंदू मात्र घाबरण्याचा आजार नाही. तो थेंबांनी विरघळत नाही आणि शस्त्रक्रियेसाठी तो "पिकण्याची" वाटही पाहावी लागत नाही. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते.

इथे थांबू नये

पुढील गोष्टी घडल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे :

• लाल डोळ्यात तीव्र वेदना होणे, उजेड सहन न होणे किंवा नजर अंधुक होणे.

• डोळा लाल होऊन डोके दुखणे, उलट्या होणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे. हे पित्त किंवा अर्धशिशी समजून दवडले जाते, पण तो काचबिंदूचा झटका असू शकतो.

• अचानक वीज चमकल्यासारखे दिसणे, काळे ठिपके वाढणे, पडदा ओढल्यासारखे वाटणे.

• नवजात बाळाच्या डोळ्यातून पू येणे.

• कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणे. लेन्स ताबडतोब काढावी.

• डोळ्यात चुना जाणे. पानाच्या चुन्याची पुडी मुलाच्या हातात दाबली जाऊन फुटते आणि बुबुळ भाजते. अशा वेळी आधी पाणी, मग दवाखाना. पापणी उघडी धरून निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी, चुन्याचे कण काढावेत आणि लगेच रुग्णालय गाठावे.

आता राहिली ती फ्रिजमधली बाटली. एकदा उघडलेली थेंबांची बाटली सहसा महिनाभरानंतर वापरू नये. तिच्यातच जंतू वाढतात. त्यात एकाच्या डोळ्याचे औषध दुसऱ्याच्या डोळ्याला अपाय करू शकते. सासूबाईंचा सल्ला मायेचाच होता, पण दवाखान्याचा एक खेटा वाचवण्यापेक्षा नातवाची नजर वाचणे केव्हाही मोलाचे. तेव्हा आजच फ्रिजचे दार उघडावे आणि जुनी बाटली सरळ टाकून द्यावी.