पोटाचा घेर आणि रोजाचा हिशेब

रमजानचा महिना संयमाचा, इबादतीचा आणि आत्मशुद्धीचा. पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य. असा कडक उपवास महिनाभर केल्यावर वजन उतरेल, निदान सुटलेले पोट तरी आत जाईल, अशी अनेक रोजेदारांची अपेक्षा असते. ईदचा नवा कुर्ता घालताना मात्र पोटावरचे बटण गेल्या वर्षीइतकेच ताणलेले असते. यात दोष रोजाचा नाही. दिवसा साधलेला संयम सूर्यास्तानंतर कुठे जातो, हा खरा प्रश्न आहे.

मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या वाटेवर असलेले शहाड हे कामगारांचे आणि चाकरमान्यांचे ठिकाण. कुणी सेंच्युरी रेयॉनच्या पाळीला जातो, कुणी उल्हासनगरच्या दुकानात, तर कुणी लोकलला लटकून मुंबईला. परतीच्या गाडीत ठाणे-डोंबिवलीच्या दरम्यानच मगरिबची वेळ झाली, तर डब्यातच खजूर आणि पाण्याची बाटली फिरते. शेजारचा हिंदू प्रवासी सरकून जागा करून देतो. एक खजूर, दोन घोट पाणी. रोजा सोडण्याची ही रीत किती साधी, किती पुरेशी!

पण घरी पोहोचल्यावर दस्तरखान मांडलेला असतो. भजी, समोसे, कटलेट, गोड सरबत, वर फ्रूट चाटमध्ये साखर. थोड्या वेळाने जेवण. तरावीहच्या नमाजनंतर मित्रांबरोबर फेरफटका, त्यात कबाब, मालपुवा, फालूदा. मध्यरात्री चहा-बिस्किटे आणि सहरीला दुधात भिजवलेली फेणी किंवा खजला, म्हणजे तळलेला मैदा आणि साखर. एका मध्यम समोशात सुमारे अडीचशे कॅलरी असतात. शरीरातील एक किलो चरबी उतरायची तर सुमारे 7,700 कॅलरींची तूट पडावी लागते. दिवसभरात पडलेली थोडीशी तूट दोन समोसे आणि एक पेला सरबत सहज भरून काढतात.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेला दोन वेळा जेवण्याचा विचार काही वर्षांपूर्वी गावोगावी चर्चेत होता. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचे, जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचे, मधे काही खायचे नाही आणि रोज 45 मिनिटे चालायचे, असा तो मार्ग. दर दोन तासांनी थोडे खावे, असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या मताशी त्याची तुलना होऊन घराघरांत दोन पक्ष पडले. मुसलमान समाजाकडे तर दोन वेळांची ही शिस्त शतकानुशतके आहे. मग गुण का येत नाही? कारण दोन जेवणे नावालाच उरली आहेत. मगरिबपासून सहरीपर्यंत तोंड चालूच असते. दिवसाचा उपवास आणि रात्रभराची मेजवानी यांना मिळून संयम म्हणता येत नाही.

रमजानमधील वजनावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. त्यांचा सर्वसाधारण निष्कर्ष असा की, महिन्याभरात सरासरी किलो-सव्वा किलो वजन उतरते आणि ईदनंतर काही आठवड्यांतच त्यातले बहुतेक परत येते. म्हणजे महिना संपला की सवयही संपते.

एवढी चिंता कशासाठी, पोट काय सगळ्यांनाच सुटते, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम जाणून घ्यावे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या प्रमाणात वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांतही त्यांच्या गटाला हेच दिसले. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ती वजनाने बरीच हलकी होती, स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने टिकून होती. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण पाळण्यापासूनच सुरू होते. म्हणून वजनकाट्यावर ‘बरोबर’ असलेला माणूसही मधुमेहाच्या उंबरठ्यावर असू शकतो.

पोटावरची चिमटीत येणारी चरबी दिसते. आतड्यांभोवती आणि यकृताभोवती साठलेली दिसत नाही, आणि तीच अधिक घातक. तिच्यामुळे इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, साखर आणि रक्तदाब वाढतो. तिचा अंदाज घ्यायला शिंप्याची टेप पुरते. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या आत असावी, असे तज्ज्ञ सांगतात. दिलासा एवढाच की, आहार-व्यायाम नीट सुरू झाला की ही आतली चरबी तुलनेने लवकर हटते. चिवट असते ती वरची. आरशात फरक दिसला नाही म्हणून प्रयत्न सोडणाऱ्याने आतला फायदा विसरू नये. मधुमेह टाळण्यासाठी चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने केलेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार आणि चालण्यामुळे मधुमेहाचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला, तोही वजनात विशेष घट न होता.

पोटाचेच व्यायाम करून पोट उतरत नाही, हेही एकदा समजून घ्यावे. 1971 मध्ये अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. चरबी कुठून घटवायची हे शरीर ठरवते. तेव्हा घाम काढणारे पट्टे आणि जिऱ्याच्या पाण्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले काहीच महाग नाही. रोजा खजूर आणि पाण्याने सोडावा, मगरिबची नमाज अदा करावी आणि मग एकदाच नीट जेवावे. तळलेले रोज नको, आठवड्यातून एखाद्या दिवशी. सरबताऐवजी पाणी किंवा ताक. ताटात डाळ, चणे, अंडी, मासे किंवा बेताचे मटण, भाजी भरपूर, भात-रोटी मोजकी. सहरीला फेणीऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, दही, अंडे. तरावीहनंतरचा फेरफटका खाण्यासाठी न करता चालण्यासाठी करावा. शहाड ते कल्याण हे रेल्वेचे अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे. आणि झोप! अपुरी झोप भूक वाढवते. रात्र बाजारात आणि मोबाइलवर घालवणाऱ्याचे पोट उतरणे अवघड. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र रोजाआधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला धर्मानेच सूट दिली आहे.

या सगळ्यात एक व्यक्ती नेहमी विसरली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीनुसार देशात पोटाचा लठ्ठपणा सुमारे 40 टक्के स्त्रियांत आणि 12 टक्के पुरुषांत आढळतो. रोजा असताना दुपारपासून कढईसमोर उभी राहणारी तीच, सर्वांत उशिरा झोपणारी आणि सहरीसाठी सर्वांत आधी उठणारीही तीच. तरावीहनंतर पुरुष बाहेर पडतात, ती भांडी घासते. तिच्या चालण्यासाठी अर्धा तास कुणी राखून ठेवत नाही. दस्तरखानावरचे चार पदार्थ कमी झाले, तर घराचे पोट उतरेल आणि तिला श्वास घ्यायला सवड मिळेल. ‘आज भजी नाहीत का?’ हा प्रश्न न विचारणे हासुद्धा संयमच आहे.

पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण प्रसिद्ध आहे. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा. ही शिकवण एका महिन्यापुरती सांगितलेली नाही. ईदचा शीरखुर्मा आनंदाने प्यावा, शेजाऱ्यांनाही पाजावा. मात्र दुसऱ्या दिवसापासून वेळेवर जेवण्याची आणि भूक सोसण्याची तीस दिवसांत लागलेली सवय मोडू देऊ नये. पुढच्या रमजानपर्यंत अकरा महिने असतात. रोजाने शिकवलेल्या संयमाची खरी परीक्षा त्याच महिन्यांत होते.